लाकूड किती पितं?

कोऱ्या चौरंगावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि बघत राहा. आंब्याच्या फळीवर तो लगेच पसरून जिरतो. सागवानावर बराच वेळ गोल बसून असतो. पण फळीच्या टोकाला, जिथे करवतीचा आडवा छेद दिसतो, तिथे बहुतेक लाकडांत तो चटकन आत जातो. लाकूड म्हणजे झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्यांची मोळीच. छेदात त्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. स्टेन, म्हणजे लाकडात मुरवायचा पातळ रंग, याच वाटेने आत शिरतो, म्हणून नवख्या हाताने रंगवलेल्या टेबलाच्या कडा कायम काळपट दिसतात.

म्हणून रंगवण्याआधी नीट घासायचं: १००, मग १२०, मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवे ओरखडे कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत. स्टेनमधली रंगाची पूड त्यांत जाऊन बसली की मात्र सगळे वर येतात. १८०ला थांबायचं. हौसेने ४०० नंबर मारला तर फळी काचेसारखी होते आणि रंग फिका बसतो, कारण पुडीला धरायला खाचच उरत नाही. आडव्या छेदावर हीच गोष्ट आपल्या कामाची: तो २२०ने घासला तर रंग कमी पितो आणि बाकीच्या फळीशी जुळतो.

मग पिळलेल्या ओल्या फडक्याने सगळं पुसा. दबलेले तंतू उभे राहतात आणि हाताला खरखर लागते. वाळल्यावर वापरलेल्या १८०ने हलका हात फिरवला की ही खरखर पुन्हा उठत नाही. ओलं असतानाच सांध्यांकडे नीट बघा. फिकट ठिपके दिसले तर तिथे सुताराचा पांढरा गोंद सांडलेला आहे. त्याने छिद्रं बुजवलीत, तिथे स्टेन शिरणार नाही. आत्ताच खरवडून काढा. नंतर त्यावर दुसरा-तिसरा हात मारून उपयोग होत नाही.

किनवटच्या जंगलातला असो की जुना वाडा पाडून निघालेल्या माळवदाचा, सागात स्वतःचं तेल असतं. ते तेलाच्या पॉलिशला वाळू देत नाही, म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसायचं आणि थिनर उडताच काम सुरू करायचं. बाभळीची तऱ्हा वेगळी. तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर; सालीने तर कातडी कमावतात. जुन्या बैलगाडीत खिळ्याभोवती काळं कडं दिसतं ना, ते लोखंड, टॅनिन आणि ओल यांचं मिश्रण, म्हणजे जवळजवळ शाईच. त्यामुळे बाभळीवर तारेची घासणी नको. तिचे बारीक कण अडकतात आणि पहिल्या ओलीला काळे ठिपके उमटतात. उमटलेच तर लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून लावा आणि नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्या. हातमोजे हवेतच, ते विषारी आहे.

आंबा सगळ्यात खोडकर. एका जागी जास्त पितो, शेजारी कमी, म्हणून चट्टे पडतात. त्यावर उपाय चपडीचा. ही चपडी म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या लाखेच्या किड्याने सोडलेली राळ. एक लिटर स्पिरिटमध्ये ६० ग्रॅम चपडी काचेच्या बरणीत रात्रभर ठेवून फडक्यातून गाळा. लोखंडी डब्यात ती काळवंडते. याचा एक पातळ हात दिला की अधाशी छिद्रं अर्धवट भरतात. त्यावर स्टेन मात्र तेलाचा हवा, स्पिरिटचा स्टेन ही चपडी विरघळवून टाकेल.

स्टेन फडक्याने चोळून लावा आणि पाचेक मिनिटांत उरलेला पुसून काढा. आत शिरला तेवढाच आपला. वर साचलेला चिकट राहतो आणि पुढे पॉलिशसकट सुटतो. पहिला प्रयोग चौरंगाच्या खालच्या बाजूला करा.

चोवीस तासांनी पॉलिश. चपडीचंच करायचं तर लिटरला १२० ग्रॅम. श्रावणातल्या दमट दिवशी मात्र हात लावू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड करतं, हवेतली वाफ त्यावर धरते आणि पॉलिशवर दुधी सावट येतं. कोरड्या दिवशी स्पिरिटचा बोळा अगदी हलका फिरवला तर बहुधा ते जातं. मेमधल्या बेचाळीस अंशांच्या दुपारी उलटा त्रास: ब्रशच्या रेघा सपाट व्हायच्या आतच थर वाळतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर उरकावं.

मे ते ऑगस्ट हवेतली ओल एवढी बदलते की सागाची फूटभर रुंद फळी चार-पाच मिलिमीटर फुगू शकते. पॉलिश हे थांबवत नाही, फक्त मंदावतं. म्हणून खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्या. एकच बाजू पॉलिश केली तर दोन्हीकडून ओल सारखी शिरत नाही आणि फळी वाकते.

ज्यांना चकाकी नको त्यांच्यासाठी जवसाचं तेल. शेंगदाण्याचं तेल लाकडावर वर्षभर ओशटच राहतं. जवसाचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट पापुद्रा बनतो. घाण्याच्या कच्च्या तेलाला वाळायला कित्येक दिवस लागतात. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल’ एका दिवसात पुढच्या हाताला तयार होतं. पातळ लावा, वीस मिनिटांनी कोरडं पुसा, असे तीन हात.

ते पुसलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ऑक्सिजन घेताना तेल तापतं. पसरलेल्या कापडातून उष्णता निघून जाते, बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता तो पेटू शकतो. तारेवर एकेरी वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.