वजन उतरलं, पँट का नाही?

मे महिन्यात एक गिऱ्हाईक पँट घेऊन आलं. "पंधरा दिवसांत चार किलो उतरलोय, कंबर आत घ्या." टेप लावला, तर छत्तीसला जेमतेम अर्धा इंच कमी. त्याच आठवड्यात एक शिक्षिकाबाई आल्या, तोंड पाडून. तीन महिने व्यायाम करून काटा जागचा हलला नव्हता, आणि ब्लाउज मात्र दोन्ही बाजूंनी दोन टीप आत घ्यावा लागला. सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्यांच्या धंद्यात दिवसभर टेप गळ्यातच असतो, म्हणून हा घोळ मला रोज दिसतो. वजन कमी होणं वेगळं आणि चरबी कमी होणं वेगळं.

काटा हाडं, स्नायू, पाणी, पोटातलं जेवण आणि चरबी एकत्रच तोलतो. यातलं सगळ्यात चंचल म्हणजे पाणी. मी स्वतः एकदा उन्हाळ्यात रेनकोट घालून आमच्या सोलापुरातल्या कंबर नावाच्या तलावाला फेऱ्या मारल्या. घरी येऊन काट्यावर उभा राहिलो, सव्वा किलो गायब! रात्री ताक-पाणी पोटात गेलं आणि सव्वा किलो परत. एक लिटर घाम म्हणजे एक किलो, इतकाच तो हिशोब. चरबी घामातून वितळून जात नाही. वर आपल्याकडच्या ४२ अंशांत असले प्रयोग म्हणजे उष्माघाताला आवतण, तेव्हा ते करू नका.

भाकरी बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात, तेही बरंचसं पाणीच. भाकरी-भातातली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भाकरी तोडली की हा साठा रिकामा होतो, पुन्हा खाल्ली की भरतो. लोक म्हणतात, "बघा, भाकरी खाल्ली आणि वजन वाढलं." बिचारी ज्वारी!

चरबीचा कारभार संथ. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. कोजागरीला आपण तुळजापूरला चालत जातो, ४५ किलोमीटर. सत्तर किलोच्या माणसाच्या त्यात सव्वादोन-अडीच हजार कॅलरी खर्च होतात, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम चरबी. आणि दुसऱ्या दिवशी काटा उलटा वर गेलेला असतो, कारण दुखऱ्या पायांच्या स्नायूंनी पाणी धरलेलं असतं. तिथेच निम्मे लोक हात टेकतात. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे छान चाललंय, असं समजा.

वजन सारखं म्हणजे अंग सारखं, हाही भ्रमच. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचं छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. उंचीच्या मानाने वजन दोघांचं तंतोतंत सारखं, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! आपण भारतीय किडकिडीत दिसूनही आतून चरबी बाळगतो, ती बहुतेक पोटावर. म्हणून आपल्याकडे कंबरेची हद्द पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०.

नुसतं उपाशी राहिलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि काटा त्यालाही यशच म्हणतो. स्नायू राखायचे तर आठवड्यातून दोनदा तरी जोर, बैठका, वजन उचलणं. नुसत्या चालण्यावर भागत नाही. जोडीला ताटात मटकी, डाळ, दही, अंडी. शेंगाचटणीत प्रथिनं आहेत हे खरं, पण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं आणि आपण त्यावर आणखी तेल ओततो. मी चटणी सोडलेली नाही. चमचा सपाट घेतो, वरचं तेल सोडलंय. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

काटा फेकून देऊ नका, पण रोजच्या आकड्यावर रुसू नका. सकाळी पोट साफ झाल्यावर तोला आणि आठवड्याची सरासरी बघा. दर पंधरा दिवसांनी टेप लावा. तोही पँट बसते तिथे नाही; पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो आणि वर्षानुवर्षं चौतीसचाच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्यायचं. दुकानात टेप लागला की प्रत्येकजण पोट आत ओढतो. मी मग घरच्यांची चौकशी काढतो, पाऊस कधी पडणार ते विचारतो, आणि उत्तर देताना पोट आपोआप सुटलं की आकडा वाचतो.