१. डाइल्ड (फेरो बेटे)

१. डाइल्ड : फेरो बेटांतील पुरुषांच्या फुटबॉलची दुसऱ्या स्तरावरची साखळी स्पर्धा. नावाचा उच्चार साधारण ‘फिश्ता डाइल्ड’ असा होतो. ‘फिश्ता’ म्हणजे पहिला, ‘डाइल्ड’ म्हणजे विभाग. स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलँड यांच्या मधोमध, उत्तर अटलांटिकमधल्या १८ बेटांवर सुमारे ५४,००० लोक राहतात. डॅनिश राजसत्तेखालचा हा स्वायत्त देश. एवढ्या वस्तीत पुरुषांच्या फुटबॉलचे चार स्तर आहेत: सर्वांत वर ‘बेट्री डाइल्डिन’ (प्रायोजक बँकेच्या नावावरून), खाली क्रमाने १., २. आणि ३. डाइल्ड. स्पर्धा चालवणारी फेरो फुटबॉल संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली. तिला १९८८ मध्ये फिफाचे आणि १९९० मध्ये यूएफाचे (युरोपीय फुटबॉल महासंघाचे) सदस्यत्व मिळाले.

जुने निकाल चाळताना नवखा वाचक हमखास फसतो तो नावात. राष्ट्रीय अजिंक्यपद १९४२ मध्ये सुरू झाले, आणि दुसरा स्तर त्याच्या पुढच्याच वर्षी ‘मध्यम विभाग’ अशा अर्थाच्या नावाने आला. १९७६ ते २००४ या काळात ‘१. डाइल्ड’ म्हणजे देशातला सर्वोच्च विभाग होता आणि दुसऱ्या स्तराला ‘२. डाइल्ड’ म्हणत. २००५ मध्ये वरच्या विभागाला प्रायोजकाचे नाव मिळाले आणि खालचे सगळे आकडे एकेक पायरी सरकले. त्यामुळे एखादा क्लब १९८७ मध्ये ‘१. डाइल्ड’ जिंकला असे दिसले, तर तो देशाचा विजेता होता. २०१० मध्ये जिंकला असेल, तर फक्त वर चढला. वर्ष न पाहता आकडा वाचू नये. (१९४४ चा रकाना रिकामा दिसला तर ती छपाईची चूक नव्हे. बेटे तेव्हा ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात होती, आणि पुरेसे चेंडूच न मिळाल्याने त्या वर्षी स्पर्धा झाली नाही.)

विभागात दहा संघ असतात. हंगाम वसंतात सुरू होऊन शरदात संपतो, म्हणजे ढोबळमानाने मार्च ते ऑक्टोबर. नेहमीच्या साच्यात प्रत्येक संघ दुसऱ्याशी तीनदा खेळतो: नऊ प्रतिस्पर्धी, २७ फेऱ्या, एकूण १३५ सामने. फेऱ्या विषम असल्याने कुणाच्या वाट्याला घरचे १४ सामने येतात, कुणाच्या १३. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिसरी गाठ कुणाच्या मैदानावर पडते. दूरच्या बेटावर वर्षात एकदा जायचे की दोनदा, हे त्यावर ठरते. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. वरचे दोन पात्र संघ चढतात, तळाचे दोन उतरतात.

‘पात्र’ या शब्दातच या स्पर्धेची खरी गोम आहे. केआय, एचबी, बी३६, एनएसआय, व्हिकिंगुर अशा मोठ्या क्लबांचे दुसरे संघ इथे खेळतात आणि नावापुढे ‘दोन’ लावतात. तिसरे संघ आणखी खालच्या विभागांत दिसतात. नियम असा की एका क्लबचे दोन संघ एकाच विभागात राहू शकत नाहीत आणि दुसरा संघ पहिल्याच्या खालीच राहिला पाहिजे. समजा, हंगामाअखेर पहिल्या स्थानी बी३६ दोन, दुसऱ्या स्थानी एखाद्या गावाचा क्लब, तिसऱ्या स्थानी एचबी दोन आणि चौथ्या स्थानी दुसऱ्या गावाचा क्लब आहे. वर जातील दुसरा आणि चौथा. पहिला विभाग जिंकूनही जागचा हलणार नाही. उलट बाजूही तेवढीच तापदायक. वरच्या विभागातून एखाद्या क्लबचा पहिला संघ घसरला आणि त्याचा दुसरा संघ आधीपासून इथे असेल, तर त्या दुसऱ्या संघाला, गुण कितीही असोत, खाली जावे लागते. मग तळाशी गटांगळ्या खाणारा एखादा संघ स्वतः काही न करता वाचतो. म्हणून या विभागाचा गुणतक्ता दोनदा वाचावा लागतो: एकदा जसाच्या तसा, आणि एकदा ‘दोन’वाले वगळून. वरच्या विभागाच्या तळाकडे डोळा ठेवल्याशिवाय इथला तळ कळत नाही.

राखीव संघांमुळे स्पर्धेची प्रतही आठवड्यागणिक बदलते. मुख्य संघाचा सामना नसेल किंवा कुणी दुखापतीतून परतत असेल, तर ‘दोन’मध्ये वरच्या दर्जाचे खेळाडू दिसतात, पुढच्याच आठवड्यात त्याच अंगरख्यात सतरा-अठरा वर्षांची पोरे असतात. गावच्या क्लबाला हे अन्यायाचे वाटते, आणि त्यात तथ्य आहे: त्याच प्रतिस्पर्ध्याकडून एकाला सहा गोल बसतात, दुसऱ्याला तीन गुण आयते मिळतात. पण राखीव संघ काढून टाकले तर या स्तरावर दहा संघ उभे करणे कठीण, हेही तितकेच खरे.

खेळाडू बहुतेक हौशी असतात. दिवसा मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात, सुतारकामावर, शाळेत नोकरी, संध्याकाळी सराव. जो बोटीवर कामाला आहे तो काही आठवडे समुद्रात असतो आणि संघाच्या यादीतून तेवढा काळ गायब होतो. दुसरा फटका उन्हाळा सरताना बसतो. उच्च शिक्षणासाठी तरुण डेन्मार्कला निघतात, आणि जूनमध्ये वरच्या अर्ध्यात असलेला छोटा क्लब सप्टेंबरमध्ये बदली खेळाडूंच्या बाकावर माणसे शोधत असतो. जाणते प्रशिक्षक त्यामुळे आधीच्या फेऱ्यांतच गुणांची बेगमी करतात.

प्रवासाचा प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ सुटला, आणि तो फुटबॉलने नव्हे, बोगद्यांनी सोडवला. वागर बेट २००२ मध्ये, क्लाक्सविक २००६ मध्ये समुद्राखालच्या बोगद्याने जोडले गेले. डिसेंबर २०२० मध्ये राजधानी टोर्शाव्न आणि एस्तुरोय बेट यांच्यातला सुमारे ११ किमी लांबीचा बोगदा खुला झाला. त्याच्या पोटात, समुद्रतळाखाली, रस्त्यांचा गोल चौकही आहे. एस्तुरोयवरच्या रुनाविकहून टोर्शाव्नला गाडीने तासाभराहून जास्त लागायचे, ते अंतर सुमारे पाव तासावर आले. डिसेंबर २०२३ मध्ये सांडोय बेटही जोडले गेले. त्याआधी बी७१ या सांडोयच्या क्लबाला परक्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्यासाठी बोटीचे वेळापत्रक पाहावे लागे.

उरले ते दक्षिणेकडचे सुवुरोय. तिथे बोगदा नाही. टोर्शाव्नहून ‘स्मिरिल’ ही फेरीबोट सुमारे दोन तासांत क्राम्बातांगीच्या धक्क्याला लागते आणि तिथून खाडीला वळसा घालून ट्वोरोयरीचा टीबी क्लब गाठायचा. खेळ दीड तासाचा, पण दिवस पुरा जातो, कारण परतीची बोट सामन्याच्या सोयीने सुटत नाही. वादळ आले की बोट रद्द आणि सामना पुढे ढकलला. असे एकदोन सामने साचले की भर आठवड्यात, कामाच्या दिवशी खेळावे लागते. मग अर्ध्या दिवसाची रजा न मिळालेला मधल्या फळीतला एखादा खेळाडू घरीच राहतो.

मैदाने जवळपास सगळीकडे कृत्रिम गवताची आहेत. पूर्वी वाळू-खडीवर खेळत. सप्टेंबर १९९० मध्ये फेरोने ऑस्ट्रियाला १–० असे हरवले, तो सामना स्वीडनमधल्या लान्स्क्रोनाला झाला, कारण बेटांवर गवताचे योग्य मैदानच नव्हते. त्यानंतर टॉफ्टिर गावात डोंगर फोडून स्वांगास्कार्ड येथे गवताचे मैदान १९९१ मध्ये तयार झाले. बी६८ या क्लबाचे ते घर. पण थंड उन्हाळा आणि बारमाही पाऊस यांत नैसर्गिक गवत आठवड्याला अनेक सामने सोसत नाही. कृत्रिम पृष्ठभागावर पाणी झिरपून जाते आणि मुलांपासून ‘दोन’पर्यंत सगळे त्याच एका मैदानावर खेळू शकतात. जून-जुलैमध्ये रात्र जवळजवळ होतच नाही, त्यामुळे संध्याकाळच्या सामन्याला दिवेही लागत नाहीत.

वाऱ्यावर मात्र इलाज नाही. नाणेफेक जिंकलेला कर्णधार बहुधा आधी वाऱ्याच्या दिशेने खेळणे पसंत करतो: उत्तरार्धात वारा पडला किंवा फिरला, तर हातचे गेले असे नको. समोरून वारा असताना गोलरक्षकाने चेंडू उंच मारला की तो मध्यरेषेच्या अलीकडेच लटकतो आणि कधी कधी मागे येतो. त्यामुळे गोलकिक जवळच्या बचावपटूला जमिनीवरून दिली जाते. लांब पास वाऱ्याबरोबर मारला तर पुढच्या खेळाडूला न सापडता थेट रेषेबाहेर. इथे तंत्रशुद्ध संघांची फजिती होते ती बहुतेक याच हिशेबात. एस्तुरोयवरच्या आइयी गावाचे जुने मैदान तर समुद्राला इतके खेटून होते की जोराचा वारा आणि वाकडा फटका यांची युती झाली की चेंडू गेलाच. आता त्या मैदानावर पर्यटकांचे तंबू आणि कॅराव्हॅन लागतात.

त्या आइयीचा क्लब १९९३ मध्ये शेजारच्या स्ट्रेमुरशी एक झाला. हा जोडक्लब, ईबी/स्ट्रेमुर, २००८ आणि २०१२ मध्ये देशाचा विजेता झाला आणि पुढे दुसऱ्या स्तरावरही खेळला. असे माजी विजेते इथे पुष्कळ भेटतात: बी६८ (१९८४, १९८५, १९९२), बी७१ (१९८९), आणि १८९२ मध्ये स्थापन झालेला देशातला सर्वांत जुना क्लब टीबी, ज्याच्या नावावर सात अजिंक्यपदे आहेत. कारण साधे आहे. काहीशे ते हजार-दीड हजार वस्तीच्या गावाला एक चांगली पिढी देशात पहिली आणू शकते. ती पिढी निवृत्त झाली की मागे अकराजण भरत नाहीत. मग विलीनीकरण. वागरवरचा ०७ वेस्टुर असाच घडला. नावातला आकडा २००७ सालचा. सुवुरोयवरच्या वागुर गावाचा व्हीबी २००० चा विजेता. तो आधी सुम्बा गावाच्या क्लबाशी जोडला गेला आणि २०१० मध्ये एफसी सुवुरोय झाला. २०१७ मध्ये टीबी, एफसी सुवुरोय आणि ह्वाल्बा गावचा रॉयन असे तिघे मिळून एकच संघ उतरवू लागले. संपूर्ण बेटाची वस्ती पाच हजारांच्या आत, तेव्हा हिशेब बरोबर होता. पण सराव कुठल्या गावात, घरचा सामना कुठे आणि अंगरखा कुणाच्या रंगाचा, हे प्रश्न हिशेबात बसत नाहीत. काही हंगामांतच ती मोट सुटली आणि टीबी पुन्हा स्वतःच्या नावाने मैदानात आला.