अमर झुगझ्वांग

सॅमिश विरुद्ध निम्झोविच, कोपनहेगन, १९२३. टूर्नामेंटमधला बुद्धिबळाचा हा डाव काळ्यानं, म्हणजे निम्झोविचनं, २५ चालीत जिंकला आणि त्याची शेवटची चाल कोणती, तर राजाजवळचं एक प्यादं फक्त एक घर पुढं. ना शह ना मात, तरी पांढऱ्यानं डाव सोडला. झुगझ्वांग हा जर्मन शब्द, म्हणजे पाळी आपली आहे पण जे खेळू ते नुकसानीचंच. पावसाळ्यात पांदणीतल्या काळ्या मातीत बंडी फसली की बैलांनी जितका जोर लावला तितकी चाकं आत जातात, अगदी तसंच.

सुरुवात वजिरापुढचं प्यादं दोन घरं, डी४ (पटावरच्या घराचं नाव, उभी ओळ ए ते एच आणि आडवी १ ते ८, पांढऱ्याकडून मोजत). गावाकडच्या जुन्या पद्धतीत प्यादं एकच घर चालते म्हणून आमचे पोट्टे पहिले इथंच अडतात. काळ्यानं क्वीन्स इंडियन डिफेन्स ही बचावाची ठरलेली मांडणी लावली, बी६ करून उंट बी७ वर आणि तिथून ई४ वर नजर. काळ्यानं नुसतं वाचवत राहायचं असं बरेच जण समजतात, पण आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ च्या महिला वर्ल्डकप फायनलचा शेवटचा रॅपिड (कमी वेळाचा) डाव काळ्या मोहऱ्यांनीच जिंकला.

खरी मजा २० व्या चालीला आहे. पांढरा ई४ खेळून वजिराची वाट मोकळी करतो, डोळा काळ्याच्या एच५ वरच्या घोड्यावर. निम्झोविच घोडा वाचवतच नाही, ते ई४ चं प्यादं मारतो, मग वजीर घोडा खातो आणि काळा हत्ती एफ२ चं प्यादं मारून तिथंच ठाण मांडतो. घोड्याच्या बदल्यात दोनच प्यादी मिळाली, पण पाच चालीत पांढऱ्याचं सगळं घर जाम.

पारावरच्या आमच्या पटाचं एक काळं प्यादं हरवलं आहे, त्याच्या जागी चिंचोका ठेवतो. २५ व्या चालीला तोच चिंचोका एच६ वर सरकवायचा, की पांढऱ्या वजिराची जी५ ला पळायची वाट बंद. पांढऱ्याकडं प्याद्यांच्या दोन-चार फुकट चाली उरतात म्हणून काही जाणकार याला शुद्ध झुगझ्वांग मानत नाहीत, पण त्या संपल्या की काय? पांढरा राजा एच२ वर गेला तर एफ५ चा काळा हत्ती एफ३ वर येतो आणि वजीर जातो. पोट्ट्यांना पांढरं प्यादं जी४ वर सरकवणं आधी सुचते, त्यावरही तोच हत्ती एफ३, उंटानं तो मारला की दुसरा हत्ती एच२ वर, मात.