बियांच्या पोटातली काच

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी एक जाहिरात फिरत आली. ‘आनंदवल्लीच्या पेशवेकालीन बागेतल्या झेंडूचं अस्सल बी. २०० वर्षं जपलेलं. पाकिटात १० दाणे.’ खाली ‘मलाही हवंय’ म्हणणाऱ्यांची रांग लागली होती. मला वाईट वाटलं, कारण मागणारे सगळे मनापासून मागत होते. आनंदवल्ली नाशिकातली, आणि नाशिकला मोगलांच्या काळात गुलशनाबाद म्हणत. ज्या गावाच्या नावातच बाग होती, तिथल्या माणसाला जुन्या फुलाची ओढ वाटणारच. पण झेंडूचं बी २०० वर्षं जिवंत राहत नाही. घरच्या डब्यात ठेवलेलं तर चार-पाच वर्षांतच जातं.

यात गल्लत होते ती वाण, म्हणजे पिकाची जात, आणि बी यांची. वाण कितीही जुना असू शकतो. पेरायचं बी मात्र नवंच लागतं. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये माँटिसेलो नावाची जागा आहे, अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसनचं घर. तिथे १,००० फूट लांबीच्या सपाट पट्ट्यावर त्याने ३३० प्रकारच्या भाज्या लावून पाहिल्या. खरं तर राबले ते त्याचे गुलाम, हेही सांगायला हवं. त्याने १७६६ पासून १८२४ पर्यंत बागेची वही लिहिली आणि तिच्या आधारे ती बाग पुन्हा उभी राहिली. १९८७ पासून तिथे ऐतिहासिक वनस्पतींचं केंद्र चालतं. फुलांचं, औषधी झाडांचं, भाज्यांचं बी तिथून लोकांना मिळतं. पण त्यातला एकही दाणा जेफरसनच्या काळातला नसतो. जुना वाण शोधायचा, लावायचा, बी धरायचं, पुन्हा लावायचं, असं ते चालतं. आपल्या शेजारी, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात, राहीबाई पोपेरे हेच करत आल्या आहेत आणि त्यासाठी त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडचं बी शेतात जातं आणि पिकून परत येतं.

मग बी मरतं कशाने? याचं उत्तर मला इतकं आवडतं की वर्गात ते सांगताना माझा तास नेहमी अपुरा पडतो.

दोडक्यात किंवा वालाच्या शेंगेत बी तयार होत असतं तेव्हा त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणी असतं. पिकता पिकता ते पाणी उतरत जातं, पार दहा टक्क्यांच्या आसपास. तुमच्या-माझ्या पेशीतलं पाणी इतकं काढलं तर ती जागच्या जागी मरेल. पेशीभोवतीचं पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी पदर, आणि तो पाण्याच्या आधाराने उभा असतो. पाणी गेलं की पदर एकमेकांना चिकटतात, प्रथिनांच्या गुठळ्या होतात. बी याची तयारी आधीपासून करतं. शेवटच्या दिवसांत त्यात सुक्रोज, रॅफिनोज, स्टॅकियोज अशा साखरा साठतात, जोडीला एलईए नावाची खास प्रथिनं. पाणी उठून गेलं की त्याच्या पाटावर हे साखरेचे रेणू बसतात आणि पटलाला धरून ठेवतात. वाल-हरभरा खाल्ल्यावर पोटात गुबारा धरतो, तो याच रॅफिनोज-स्टॅकियोजमुळे. या साखरा फोडायचं विकर (एन्झाइम) आपल्या आतड्यात नाही, म्हणून त्या तशाच पुढे जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. बियाला सुकण्यापासून वाचवणारी साखर आपल्याला मात्र बाधते.

आता खरी गंमत. संक्रांतीला आपण चिक्की करतो. पाक कडक झाला, तीळ घातले, लाटलं, गार झालं की कडाकड मोडते. त्या चिक्कीतली साखर स्फटिक झालेली नसते. तशी झाली असती तर ती खडीसाखरेसारखी रवाळ लागली असती. तिचे रेणू अस्ताव्यस्त असतानाच जागच्या जागी थिजलेले असतात. अशा घनाला विज्ञानात काच म्हणतात. खिडकीची काच वाळूची, चिक्कीची काच साखरेची. सुकलेल्या बियाच्या पेशीतही हेच घडतं. साखर, प्रथिनं आणि उरलंसुरलं पाणी मिळून पेशीतला सगळा रस काच होऊन बसतो. सुक्रोज एकटं असतं तर रवे धरण्याचा धोका होता. रॅफिनोज मध्ये लुडबुडतं आणि रवे धरू देत नाही. या काचेत रेणूंना हलायलाच जागा नसते. दोन रेणू भेटले तर काही बिघडणार ना? इथे भेटच होत नाही. वेळ जवळजवळ थांबते.

पण तीच चिक्की जुलैत उघड्या ताटलीत ठेवून बघा. दोन दिवसांत चिकट होते, बोटाला लागते. हवेतलं पाणी तिच्यात शिरतं, रेणूंच्या मधे वंगणासारखं काम करतं आणि काच वितळून रबर होते. उष्णता तीच, पण काच टिकण्याची मर्यादा खाली आलेली. बियाचंही अगदी असंच होतं. फडक्याच्या पुरचुंडीत बांधून फडताळात ठेवलेलं बी पावसाळाभर हवेतलं पाणी ओढतं आणि त्याच्या पोटातली काच मऊ पडते. रेणू हलू लागतात. ऑक्सिजन पटलातल्या स्निग्धांना गाठतो, ते खवट होतात. साखर प्रथिनांना चिकटते. भाकरीचा पापुद्रा तांबूस होताना तव्यावर जी क्रिया झपाट्याने होते, तीच इथे महिनोन्‌महिने चालते. डीएनएचे धागे तुटतात.

हे तुटणं दुरुस्त करता येतं, आणि बी ते करतंही. मात्र दुरुस्ती करणाऱ्या विकरांना चांगलं भरपूर पाणी लागतं, पेरल्यावर मिळतं तेवढं. म्हणजे तीन अवस्था झाल्या. खडखडीत कोरडं बी: मोडतोडही नाही, दुरुस्तीही नाही. जमिनीत पूर्ण भिजून सुप्त पडलेलं बी: मोडतोड आहे, पण दुरुस्तीही चालू. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ मध्ये अमेरिकेत मिशिगनमध्ये ओलसर वाळूबरोबर बाटल्यांत भरून पुरलेल्या तणांच्या बियांपैकी काही २०२१ मध्येही उगवल्या, याचं एक कारण हे असावं. तिसरी अवस्था मधली, दमट बियाची. मोडतोड होण्याइतकं पाणी आहे, दुरुस्तीइतकं नाही. आपल्या घरातलं बी पावसाळ्यात नेमकं या तिसऱ्या अवस्थेत बसलेलं असतं.

हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा एक ठोकताळा आहे. बियातलं पाणी एक टक्क्याने उतरवलं की आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. पाण्याचं प्रमाण ५ ते १४ टक्के असेल तेव्हाच तो लागू पडतो. समजा बारा टक्क्यांचं बी आठवर आणलं आणि ३० अंशांऐवजी २० अंशांवर ठेवलं, तर पाण्याचे १६ पट, तापमानाचे ४ पट, मिळून ६४ पट. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ मध्ये उघडलेलं बियांचं भांडार उणे १८ अंशांवर असतं, ते याच हिशोबाने. तरीही काचेतून ऑक्सिजन थोडाथोडा झिरपतोच, म्हणून बीजपेढ्यांना अधूनमधून बी उगवून पाहावं लागतं आणि उगवण घसरली की नवं पीक घ्यावं लागतं.

अपवाद आहेत. इस्राएलमधल्या मसाडा किल्ल्यात सापडलेली खजुराची सुमारे २,००० वर्षांपूर्वीची बी २००५ मध्ये रुजली. तिथली हवा कमालीची कोरडी आहे. चीनमधल्या कोरड्या पडलेल्या तळ्यातली कमळाची सुमारे १,३०० वर्षांची बीही रुजली. तिचं कवच पाणी आत जाऊच देत नाही. पण पिरॅमिडमधला गहू उगवला, हे आजही फॉरवर्ड होत असतं, ते खोटं आहे. थडग्यातला खरा जुना दाणा तपासणीत कधीच उगवलेला नाही. एकोणिसाव्या शतकात पर्यटकांना ताजा गहू ‘ममीचा’ म्हणून विकला जायचा. अमावास्येला काढलेल्या बियाला कीड लागत नाही, हेही सोडून द्या. चंद्राकडे नाही, हवेतल्या ओलाव्याकडे बघा. आणि कोणी जुन्या वाणाचं बी विकत असेल तर एवढंच विचारा: ‘हे कोणत्या हंगामात काढलंय?’ खऱ्या जपणाऱ्याला हे तोंडपाठ असतं. आंबा, फणस, जांभूळ यांना मात्र यातलं काहीच लागू नाही; त्यांच्या बिया सुकल्या की मेल्याच.

सगळ्या बियांत ही काच सारखी टिकत नाही. कांद्याचं बी, म्हणजे आपलं उळं, फार नाजूक. गेल्या वर्षीचं उळं पेरायला निफाड-लासलगावचा शेतकरी धजत नाही तो उगीच नाही. टोमॅटो, काकडी, गिलकं, डांगर त्या मानाने दमाचे.

काच झाली की नाही हे घरी कळतं. डांगराची बी दोन बोटांत धरून वाकवा. लवली तर अजून रबर आहे. कट्‌कन मोडली तर काच झाली. वालाचा दाणा दगडावर ठेवून बत्त्याने ठोका. चेपला तर ओला, फुटून ठिकऱ्या उडाल्या तर तयार. एप्रिल-मेमध्ये नाशिकची हवा इतकी कोरडी असते की कुरडयांशेजारी सावलीत पसरलेलं बी आठवडाभरात या टप्प्याला येतं. सावलीतच, कारण गच्चीची फरशी तापते आणि ओलं बी त्या उन्हात भाजून निघतं. नंतर घट्ट झाकणाची बरणी, तळाशी भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी आणि फ्रिज. जुन्या बायका मडक्यात राखेत बी ठेवत, तेही पक्कं शास्त्र होतं: कोरडी राख ओल शोषते आणि तिचे कण भुंगेऱ्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतात.

आईच्या पत्र्याच्या डब्यात मला वालाची एक पुरचुंडी सापडली होती, कधीची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातले मूठभर दाणे आणि यंदाचे तेवढेच दाणे मी फिल्टरच्या पाण्याच्या दोन पेल्यांत रात्रभर भिजत घातले. सकाळी जुन्या दाण्यांचं पाणी गढूळ झालं होतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायची टीडीएस पेन दोन्हीत बुडवली, तर जुन्याचा आकडा कितीतरी वर. पटलं फाटली होती आणि आतले क्षार, साखर सगळं बाहेर गळत होतं. बीजपरीक्षणाच्या प्रयोगशाळांतही वाटाण्यासारख्या बियांची ताकद अशीच, पाण्यातून वीज किती वाहते यावरून मोजतात.

उरलेले २० दाणे मी ओल्या पंचात गुंडाळून ठेवले. आठव्या दिवशी तिघांना मोड होते, एक तर वाकडाच. तिन्ही कुंडीत लावले. वाकडा कुजला. दोन वेल गॅलरीच्या गजांवर चढले, दिवाळीनंतर जांभळी फुलं आली, माघात शेंगा वाळल्या. आता ८६ दाणे बरणीत आहेत आणि बरणीवर पेन्सिलीने लिहिलंय: ‘वाल, आईचे. काढणी फेब्रुवारी.’ वर्ष आणि पुढच्या पेरणीचा महिना त्याखाली.