आजारी महाराज आणि परवानगीचा प्रश्न

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे निधन ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत झाले, त्यांच्याच जयमहाल राजवाड्यात. कवळाण्याच्या गोपाळरावांचे दत्तकविधान, सक्तीचे शिक्षण, आंबेडकरांची शिष्यवृत्ती हे सगळे मराठी वाचकाला पाठ आहे. इथे विषय आहे तो त्यांच्या प्रकृतीचा. त्या प्रकृतीपायी त्यांच्या युरोपच्या इतक्या वाऱ्या झाल्या, की विलायतेची बोट गाठण्यासाठी मुंबईला येणे हा त्यांच्या आयुष्याचा नेमच होऊन बसला.

दुखणी मुख्यतः दोन. झोप न येणे हे पहिले, आणि ते ऐन विशीत जडले. डिसेंबर १८८१ मध्ये राज्याची सूत्रे हाती आली तेव्हा ते १८ वर्षांचे होते. मे १८८५ मध्ये पहिल्या महाराणी क्षयाने गेल्या. रात्र डोळ्यांवरून सरायची आणि सकाळी दप्तर पुढे यायचे. ‘मज्जातंतूंचा थकवा’ हे त्या काळच्या डॉक्टरांचे लाडके निदान, आणि त्यावर उपायही ठरलेला: काम बंद, थंड हवा, लांबचा प्रवास. दुसरे दुखणे गाउटचे. रक्तात युरिक आम्ल वाढते, सांध्यांत त्याचे स्फटिक साचतात आणि पायाला चादर लागली तरी माणूस कळवळतो. हे आम्ल खाली आणणारी गोळी आज कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळते, पण ती बाजारात आली १९६० च्या दशकात. तोवर पथ्य, सुरंजन या औषधी कंदाचा अर्क आणि युरोपातल्या खनिज पाण्याच्या झऱ्यांवरचे मुक्काम एवढ्यावरच भागवावे लागे.

डॉक्टरांच्या सल्ल्याने ते १८८७ मध्ये प्रथम युरोपला गेले. समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त, असा तो काळ. तीनच वर्षांनी पुण्यात मिशनऱ्यांकडच्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, पेटले, यावरून वातावरणाची कल्पना यावी. तिकडे गेल्यावर बरे वाटे, परत आल्यावर पुन्हा जागरण सुरू होई. वाऱ्या वाढत गेल्या त्या अशा.

राज्य मागे राहत असे, हेही खरे. कारभार मंडळाकडे सोपवला जाई आणि महत्त्वाचे कागद टपालाने महाराजांच्या मागून फिरत. १८९४ चे गाजलेले बापट प्रकरण असल्याच एका गैरहजेरीतले. जमीन मोजणी खात्यातल्या एका मराठी अधिकाऱ्यावर लाचलुचपतीचे आरोप झाले, रेसिडेन्सीने, म्हणजे संस्थानातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीने, त्यात रस घेतला आणि बचावाला पुण्याहून टिळक बडोद्याला गेले. महाराज राजधानीत असते तर प्रकरण इतके चिघळले नसते, असे मानायला जागा आहे.

खरा वाद मात्र १९०० च्या परिपत्रकाचा. संस्थानिकांनी युरोपला जाण्याआधी हिंदुस्थान सरकारची परवानगी घ्यावी, कारण सांगावे आणि वारंवार बाहेर राहणे ही कर्तव्यात कसूर समजली जाईल, असा त्याचा आशय. नाव कुणाचेच घेतलेले नव्हते, पण रोख इतका उघड होता की लोक त्याला सरळ ‘गायकवाड परिपत्रक’ म्हणू लागले. आदल्याच वर्षी ग्वाल्हेरच्या भाषणात तेव्हाच्या व्हाइसरॉयांनी संस्थानिकांना बजावले होते की राजा हा प्रजेचा सेवकही आहे आणि त्याची जागा पोलोच्या मैदानावर किंवा युरोपातल्या हॉटेलात नाही.

बोल ऐकायला चांगले आहेत, आणि वेळही सरकारच्या पथ्यावर पडणारी होती. छप्पनच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) दुष्काळाने गुजरात होरपळला होता. बडोदा संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत २४ लाखांवर होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. असे असताना धनी परदेशी का, हा प्रश्न रयतेने विचारला असता तर तो रास्तच होता. पण तो विचारत होते कोण? कलकत्त्याचा उन्हाळा सोसवत नाही म्हणून दरवर्षी आख्खे दप्तर सिमल्याला हलवणारे सरकार! त्याच सरकारचे गोरे अधिकारी प्रकृतीच्या कारणाने भरपगारी वा अर्धपगारी रजा घेऊन मुंबईहून विलायतेची बोट पकडत. गोऱ्या साहेबाचे यकृत बिघडले की ती हवामानाची कृपा, आणि मराठा राजाची झोप उडाली की ती चैन, असा हा हिशेब होता. आपल्या दुखण्याची खातरजमा राजाने रेसिडेंटमार्फत करून घ्यायची, यातला अपमान सयाजीरावांना झोंबला नसता तरच नवल.

पुढे राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींनी याच्या उलट टोकाची कथा रचली: आजार हे निमित्त, महाराज खरे तर रेसिडेंटची नजर चुकवायला जात. यातही तथ्याचा अंश असेल. लंडन-पॅरिसमध्ये त्यांना मोकळा श्वास घेता येई, आणि वाचनालये, शाळा, संग्रहालये पाहून आणलेल्या कल्पना बडोद्यात रुजल्या हे कुणी नाकारत नाही. पण सरकारी टीकाकार आणि आपल्याकडचे चाहते या दोघांनीही त्यांचे दुखणे खोटेच ठरवले. एकाला त्यात ऐष दिसली, दुसऱ्याला गनिमी कावा. ज्या माणसाला वर्षानुवर्षे धड झोप लागली नाही तो दोन्ही बाजूंच्या हिशेबातून सुटला. आजही त्यांच्यावरच्या भाषणांत हा भाग अर्ध्या वाक्यात उरकला जातो.

डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारातही हीच ओढाताण झाली. रिवाज मोडून, बादशहापुढे एकदाच मान लववून ते पाठ फिरवून परतले. त्याची चित्रफीत लंडनच्या थिएटरांत दाखवली गेली आणि राजद्रोहाची हाकाटी सुरू झाली. आपण त्या क्षणी गोंधळलो, असा खुलासा त्यांनी लेखी केला. तो बहुतेकांनी नाइलाजाची माफी म्हणून वाचला, बाणेदारपणाची आख्यायिका तेवढी टिकली.

त्या सुमाराची आणि त्यानंतरची वर्षे दुःखाची आणि कामाची. चारांपैकी तीन मुलगे १९०८ ते १९२३ या काळात गेले. तरी मार्च १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी घेतले. १९३६ च्या हीरकमहोत्सवात ग्रामसुधारणेसाठी एक कोटीचा निधी वेगळा काढला. वाऱ्या वार्धक्यातही चालू राहिल्या, फक्त आता कुणी हटकत नव्हते. १९०९ पासूनच सरकारने संस्थानिकांना चुचकारण्याचे धोरण धरले होते, आणि महायुद्धात त्यांचा पैसा व फौज लागल्यावर कुणाची झोप किती उडते याची चौकशी कलकत्त्याला काय किंवा दिल्लीला काय, परवडणारी नव्हती.