मतपत्रिकेवरील पहिले नाव

ऑस्ट्रेलियात 1937 साली सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, निवडणूक झाली, तेव्हा न्यू साउथ वेल्स राज्यातील लेबर पक्षाच्या चारही उमेदवारांची आडनावे इंग्रजी ‘ए’ अक्षराने सुरू होत होती: अमूर, आर्मस्ट्राँग, आर्थर आणि अ‍ॅशली. मतपत्रिकेवर गटांचा क्रम आडनावांच्या वर्णानुक्रमाने लागत असल्यामुळे हा गट सर्वांत आधी छापला गेला आणि चौघेही निवडून आले. हा विजय केवळ आडनावांचा होता असे कोणी म्हणू नये. परंतु 1940 साली कायदा बदलला आणि सिनेटच्या मतपत्रिकेवर कोणत्या गटाने कुठे बसायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरू लागले. मतदार विचार न करता मत देत असेल, तर निवडणूक पद्धतीने त्याचे काय करावे, या प्रश्नाला दिलेले हे फार शहाणपणाचे उत्तर आहे, असे मला वाटते.

ऑस्ट्रेलियात 1924 सालापासून संघराज्याच्या निवडणुकांत मतदान सक्तीचे आहे. 1922 साली साठ टक्क्यांच्या आत असलेले मतदान 1925 मध्ये एक्क्याण्णव टक्क्यांवर गेले. जे स्वखुशीने आले नसते तेही अर्थातच केंद्रावर येऊ लागले. तेथील कनिष्ठ सभागृहासाठी मतदाराला प्रत्येक उमेदवारापुढे पसंतीक्रमांक लिहावा लागतो. कंटाळलेला मतदार वरपासून खालपर्यंत 1, 2, 3, 4 असे आकडे भरून मोकळा होतो. अशा मताला तेथे ‘डाँकी व्होट’, म्हणजे गाढव-मत, म्हणतात. त्यांचे प्रमाण साधारण एक टक्का धरले जाते.

एक टक्का म्हणजे किरकोळ वाटेल, म्हणून एक काल्पनिक मतदारसंघ घेऊ. दोन उमेदवार आणि एक लाख मतदार आहेत. त्यांपैकी 99,000 जणांनी विचारपूर्वक मते दिली आणि त्यांची विभागणी 49,800 विरुद्ध 49,200 अशी झाली. उरलेल्या 1,000 जणांनी जे नाव वर दिसले त्याला मत दिले. मागे पडलेल्या उमेदवाराचे नाव वर असेल, तर 600 मतांनी हरणारा तो 400 मतांनी जिंकेल. आता निम्म्या मतपत्रिकांवर एकाचे आणि निम्म्यांवर दुसऱ्याचे नाव वर छापले, तर तीच हजार मते जवळपास पाचशे-पाचशे अशी वाटली जातील. योगायोगाने पडणारा फरक हजाराच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे बत्तीसच्या आसपास राहील आणि 600 मतांची आघाडी टिकेल. संख्याशास्त्राचे हे साधे तत्त्व आहे: विखुरलेल्या चुका एकमेकींना खोडतात, एकाच दिशेच्या चुका साचत जातात. म्हणून निष्काळजी मतदार किती आहेत यापेक्षा ते सगळे एकाच बाजूला ढकलले जातात का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

टास्मानिया राज्याने हे तत्त्व थेट छापखान्यात नेले. तेथील आमदार नील रॉबसन यांच्या पुढाकाराने एकाच पक्षाच्या उमेदवारांची नावे वेगवेगळ्या मतपत्रिकांवर वेगवेगळ्या क्रमाने, समान संख्येने छापण्याची पद्धत 1980 पासून सुरू झाली. तिला ‘रॉबसन रोटेशन’ असे नाव पडले.

याउलट मतदारालाच गाळून टाकण्याचा मार्ग अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनी चोखाळला होता. मतदारनोंदणीसाठी तेथे साक्षरतेची परीक्षा घेतली जाई. पास कोण, हे ठरवणे नोंदणी अधिकाऱ्याच्या हाती असे आणि कृष्णवर्णीय नागरिकांना दूर ठेवण्यासाठी तिचा सर्रास वापर झाला. 1965 च्या मतदान हक्क कायद्याने तिला आळा घातला. विचार मोजणारी परीक्षा कोणी घ्यायची, या प्रश्नापाशी असा प्रत्येक प्रस्ताव अडतो. साक्षरता जेमतेम अठरा टक्के असताना भारताने 1951–52 मध्ये प्रत्येक प्रौढाला मत दिले आणि वाचता न येणाऱ्यासाठी निवडणूक चिन्हे आणली. मला त्या निर्णयाचा मनापासून अभिमान वाटतो.

मात्र ज्या देशात चिन्हावर इतका भार आहे, तेथे सारखी दिसणारी चिन्हे हाच मोठा धोका ठरतो. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात हे दिसले. एका पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते, तर काही अपक्षांना मिळालेल्या ट्रम्पेटचे, म्हणजे बोलीतल्या पिपाणीचे, मराठी नावही ‘तुतारी’ असेच होते. साताऱ्यात त्या पक्षाचा उमेदवार 32,771 मतांनी पराभूत झाला आणि पिपाणीवाल्या अपक्षाला 37,062 मते पडली. यांतील किती मते चुकून पडली हे मतमोजणीतून कळू शकत नाही, त्यामुळे निकाल उलटला असता असे ठामपणे म्हणणे योग्य नाही. पण ही चूक विखुरणारी नव्हती. ती एकाच दिशेची होती, आणि हे मतदार गाढव-मत देणाऱ्यांसारखे बेफिकीरही नव्हते. कोणाला मत द्यायचे हे ठरवून ते घरून निघाले होते.

मग आपणही नावे फिरवावीत का? मला तसे वाटत नाही. आपल्याकडे आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग इतर नोंदणीकृत पक्ष आणि शेवटी अपक्ष, व प्रत्येक गटात वर्णानुक्रम, अशी रचना असते. प्रचारात ‘तीन नंबरचे बटण दाबा’ असे सांगितले जाते आणि अनेक वयस्कर मतदार तेवढाच आकडा लक्षात ठेवून जातात. यंत्रागणिक क्रम बदलला, तर त्यांचा हा आधारच जाईल. त्यापेक्षा चिन्हांची आधी चाचणी घेता येईल: यंत्रावर छापतात त्याच आकारात दोन चिन्हे, मतदान केंद्रात असतो तेवढ्याच उजेडात, वेगवेगळ्या वयाच्या लोकांना काही क्षण दाखवायची आणि किती जण गफलत करतात हे मोजायचे. ही तपासणी चिन्हवाटपाच्या आधीच व्हायला हवी, कारण मत कोणाला गेले हे दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते खरी, पण तोवर बटण दाबलेले असते आणि दिलेले मत मागे घेता येत नाही.