कोविड आणि जुनी औषधं: डेक्सामेथासोन

एका आजारासाठी आधीच बाजारात असलेलं औषध दुसऱ्याच आजाराला वापरून बघायचं, याला ड्रग रिपर्पझिंग म्हणतात. नवीन औषध यायला वर्षं जातात, जुन्याचा डोस, साइड इफेक्ट सगळं ठाऊक असतं, म्हणून साथ आली की डॉक्टर आधी हाताशी असलेलंच काढतात. कोविडमधलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण डेक्सामेथासोन, १९५०च्या दशकातलं स्वस्त स्टेरॉइड, जे दमा, ॲलर्जी, संधिवाताला देतातच.

गंमत म्हणजे डेक्सा व्हायरसला हातही लावत नाही. कोविड गंभीर झाला की पेशंटची स्वतःचीच इम्युनिटी पिसाळते, फुप्फुसं सुजतात नि ऑक्सिजन खाली येतो, डेक्सा ती सूज दाबतं. म्हणजे घरोघरी लोक इम्युनिटी वाढवायला काढे पीत होते तेव्हा आयसीयूमध्ये तीच इम्युनिटी आवरायची धडपड चालू होती!

ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये २१०४ जणांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सा, जास्तीत जास्त १० दिवस दिलं, ४३२१ जणांना नेहमीचे उपचार. जून २०२० मध्ये निकाल आला: २८ दिवसांत व्हेंटिलेटरवरच्यांमधले मृत्यू नेहमीच्या उपचारांत ४१.४ टक्के, डेक्सावाल्यांत २९.३. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ विरुद्ध २३.३. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात उलटं, १४ विरुद्ध १७.८, हा फरक आकडेशास्त्राने पक्का धरला नाही तरी फायदा दिसला नाही हे खरं. सुरुवातीला व्हायरस वाढत असतो तेव्हा इम्युनिटी दाबून कसं चालेल, माझ्या मते या औषधाची सगळी गोष्ट याच वेळेच्या गणितात आहे.

संधिवाताचंच टोसिलिझुमॅबही पुढे गंभीर पेशंटना उपयोगी ठरलं, ते आयएल-६ नावाचा सूज वाढवणारा निरोप अडवतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाचा मात्र नुसताच गाजावाजा झाला, रिकव्हरी ट्रायलमध्ये त्याने मृत्यू काही कमी झाले नाहीत.

भारतात वेळेचं गणित बऱ्याच जणांनी धाब्यावर बसवलं. २०२१च्या दुसऱ्या लाटेत साधा ताप असतानाच घरी स्टेरॉइड सुरू, त्यात डायबेटिस, त्यात स्टेरॉइडने शुगर आणखी चढलेली, आणि महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या आजाराचे पेशंट वाढले, कुणाचा जबडा काढावा लागला कुणाचा डोळा. त्यावरचं अँफोटेरिसिन-बी, तेही १९५०च्या दशकातलंच, मिळवायला नातेवाईक वणवण फिरत होते.